पाठाचे टाचण आणि नवे यंत्र

(खडकी येथे भरलेल्या आपल्या समाजाच्या वार्षिक संमेलनात ज्ञातीतील छात्राध्यापक व छात्राध्यापिका यांच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या शिंपी समाजाच्या ह्या वार्षिक संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हा छात्राध्यापकांस केली, ह्याबद्दल आम्ही प्रथम मंडळाचे आभार मानतो. आमच्यापैकी काही जण बी. एड्.चा अभ्यास करीत आहोत, तर काही जणी प्राथमिक शिक्षणाच्या पदविकेच्या वर्गात आहेत. अद्याप आम्ही शिक्षक झालो नाही. शिक्षक होण्याच्या वाटेवर आहोत. त्यामुळे उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही, ह्याची जाणीव आम्हांस आहे. परंतु जो प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे, त्याचा विचार आम्हांस रोजच्या रोज वर्गात उभे राहून करावा लागतो. त्या विचाराचे निवेदन आपणांपुढे करावे, एवढाच आमचा हेतू आहे.

तो प्रश्न असा. ज्ञातीतील कोणत्याही घरी आम्ही गेलो की वडील मंडळी विचारतात, “हल्ली मोबाईलमधील यंत्र निबंध लिहून देते, गणित सोडवून देते, विचारू ते सांगते. मग उद्या मास्तर कशाला लागणार?” हा प्रश्न थट्टेचा नाही. त्याच्या पाठीमागे कोणाच्या वडिलांनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत यंत्र चालवून साठविलेली रक्कम आहे, कोणाच्या आईने मोडलेल्या पाटल्या आहेत, तर कोणास आपल्या संस्थेच्या साहाय्य निधीतून मिळालेली मदत आहे. मुलाला किंवा मुलीला शिक्षक करावयाचे म्हणून ज्यांनी एवढे सोसले, त्यांस ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

प्रथम हे यंत्र काय आहे, ते थोडक्यात सांगणे इष्ट होईल. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे साधन सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर तशीच अनेक साधने निघाली. ह्यांस निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता असे म्हणतात. कोट्यवधी पानांचा मजकूर ह्या यंत्रातून गेलेला असतो. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचे फार मोठे आणि फार सूक्ष्म गणित त्यातून तयार होते आणि त्या गणिताच्या आधारे ते एकामागून एक शब्दखंड जोडीत जाते. त्यातून निघणारे उत्तर पुष्कळदा खरोखरीच उत्तम असते. तथापि सत्य आणि संभवनीय ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याची भाषा ओघवती, त्याचे म्हणणे खरे, असा नियम माणसांत नाही, तसा यंत्रातही नाही. एखाद्या संताचा अभंग मागितला, तर त्या संताने कधी न रचलेल्या ओळीही ते त्याच्या नावावर मोठ्या आत्मविश्वासाने सादर करते. शिवाय ज्या भाषेतील मजकूर त्याच्या पोटात विपुल, त्या भाषेत ते अधिक भरवशाचे असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपली भाषा बोलणारे ८ कोटींहून अधिक आहेत. परंतु इंटरनेटवरील एकूण मजकुरात मराठीचा वाटा त्या मानाने फारच अल्प आहे. मराठी वर्गात हे यंत्र नेणाऱ्या शिक्षकाने ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता यंत्राची भीती आपल्या समाजाला नवी नाही, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. फ्रान्समधील बार्थेलेमी तिमोनिए हा गृहस्थ स्वतः शिंपी होता. १८३० साली त्याने शिलाईच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जाऊ लागले. आपली रोजी बुडणार ह्या भयाने १८३१ साली शिंप्यांच्याच जमावाने त्या कारखान्यावर चाल करून सुमारे ८० यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए पुढे दारिद्र्यात मरण पावला. यंत्र मात्र जगभर गेले. १८५१ साली अमेरिकेत सिंगरने पेटंट घेतले आणि त्या नावाचे यंत्र आपल्याकडील गावोगावच्या पेठांत येऊन पोहोचले. ज्या खडकीत आपण आज जमलो आहोत, तेथील १८१७ ची लढाई सर्वांस ठाऊक आहे. त्या लढाईनंतर येथे लष्कराची छावणी वसली आणि १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. छावणी म्हटली की गणवेश आला आणि गणवेश म्हटला की शिंपी आला. अशा वस्तीत आपल्या लोकांनी यंत्राचा स्वीकार केला व त्यावर संसार उभे केले.

परंतु त्या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, यंत्र शिवू लागले, तरी माप घेणे आणि बेतणे ह्या क्रिया माणसाकडेच राहिल्या. दुकानातील पोऱ्या पायडल मारावयास आठ दिवसांत शिकतो. पण त्याच्या हाती कातर द्यावयास उस्ताद वर्षानुवर्षे तयार होत नाही, कारण चुकीचा टाका उसवता येतो, चुकीचे कापलेले कापड पुन्हा सांधून पूर्वीसारखे होत नाही. दुसरी गोष्ट अशी की, पुढे तयार कपड्यांचे युग आले, तेव्हा ज्याच्याजवळ बेतण्याची विद्या होती तो टिकला आणि ज्याच्याजवळ केवळ शिवण्याची गती होती, तो कारखानदाराच्या दारी नगावर मजुरी करू लागला. ही दुसरी गोष्ट कटू आहे, पण आपल्यातील अनेक घरांनी ती अनुभवली आहे. यंत्राने कोणाचेच नुकसान होत नाही, असे गोड बोलणाऱ्यांवर म्हणूनच आमचा विश्वास नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रातही यंत्रे आणि साधने ह्यापूर्वी पुष्कळ आली. मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेव्हा ज्ञान हस्तलिखितांच्या बासनांतून बाहेर पडू लागले. छापील पुस्तकाने गुरू नाहीसा झाला नाही. उलट, अधिक गुरूंची गरज निर्माण झाली. त्यानंतर पाटी, फळा, नकाशे, नभोवाणी अशी साधने आली. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही शासकीय संस्था स्थापन झाली आणि दूरदर्शनवरील तिच्या कार्यक्रमांनी एका पिढीच्या मनात घर केले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. त्याच वर्षी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे संकेतस्थळ सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर संकेत बसवून पाठाला ध्वनी व चित्र यांची जोड दिली. त्यांस २०२० चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि १० लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, क्यूआर संकेत मुळात शाळेसाठी निघालेलाच नव्हता. कारखान्यातील मालाची नोंद ठेवण्यासाठी तो जपानमध्ये निघाला. त्याचे शैक्षणिक साधन केले ते शिक्षकाच्या कल्पकतेने.

ह्याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात वीज नव्हती की पडदा नव्हता. पाने, बिया, खडे, शिंपले ह्यांतून त्यांनी साधने निर्माण केली. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही भरविली. तात्पर्य, साधन मोलाचे की स्वस्ताचे, जुने की नवे, हा प्रश्न दुय्यम आहे. मुलाकडे पाहून ते निवडले गेले काय, हा प्रश्न पहिला होय.

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात पाठ देण्यापूर्वी त्याचा लेखी आराखडा करावा लागतो, त्यास ‘पाठ टाचण’ म्हणतात. हा शब्द आपल्या घरातला आहे. टाचणे म्हणजे पक्की शिलाई घालण्यापूर्वी कच्च्या टाक्यांनी कापड जुळवून पाहणे. वर्गात पाठ पक्का होण्यापूर्वी तो वहीत कच्च्या टाक्यांनी जुळवून पाहावयाचा, म्हणून ते टाचण. उद्दिष्टे कोणती, मुलांस पूर्वज्ञान किती, प्रस्तावना कशी करावी, कोणता प्रश्न केव्हा विचारावा, फलकलेखन काय, मूल्यमापन कसे, स्वाध्याय कोणता, हे सर्व त्यात मांडावयाचे. मार्गदर्शक प्राध्यापक ते वाचतात, लाल शाईने खुणा करतात, पुन्हा लिहावयास लावतात आणि सही झाल्याखेरीज सराव पाठ देता येत नाही. २०१५ पासून बी. एड्. दोन वर्षांचे झाले आणि त्यात एकूण २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करावयाचे असते. एकेका टाचणास दोन-तीन तास लागतात. आज तेच काम यंत्र अर्ध्या मिनिटात करून देते, आणि ते नीटनेटकेही असते.

मग ते का घेऊ नये? आमच्यात ह्या प्रश्नावर दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, लेखनाचा हा हमालीभाग यंत्राने केला, तर आम्हांस मुलांकडे लक्ष देण्यास वेळ मिळेल. दुसरा पक्ष म्हणाला, हा हमालीभाग नव्हेच. हेच शिक्षण आहे. पुष्कळ चर्चा झाली. तेव्हा आम्ही ठरविले की एकाच पाठाची दोन टाचणे घ्यावी, एक यंत्राचे आणि एक हातचे, आणि शेजारी ठेवून वाचावी. पाठ होता इयत्ता पाचवीच्या गणितातील अपूर्णांकांचा.

यंत्राचे टाचण सुबक होते. उद्दिष्टे क्रमवार, उदाहरणे तीन पातळ्यांची, शेवटी दहा प्रश्न. उदाहरणासाठी त्याने पिझ्झाचे आठ तुकडे केले होते. हाती केलेल्या टाचणात अक्षर गिचमिड होते आणि प्रश्न सहाच होते. परंतु जिने ते केले होते, तिने आदल्या आठवड्यात त्या वर्गातील मुलांशी बोलून पाहिले होते. खडकीचे वर्ग छावणीच्या वस्तीमुळे मिश्र असतात. एका बाकावर मराठी, हिंदी, तेलुगू आणि तमिळ घरांतील मुले बसतात. तिला असे आढळले की, कागदावर एक पूर्णांक तीन चतुर्थांश लिहिले की मराठी मुलेसुद्धा गोंधळतात; पण ‘पावणेदोन मीटर कापड’ म्हटले की शिंप्याची मुलगी हाताने लांबी दाखवते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपल्या भाषेतील अपूर्णांक बाजारात रोज वापरले जातात. ते पुस्तकातील अपूर्णांकाशी जोडून देणारे मात्र कोणी नसते. म्हणून तिने टेप आणि कापडाची पट्टी घेऊन पाठाची प्रस्तावना केली आणि हिंदी घरातील मुलांकडून सवा, डेढ, ढाई हे शब्द वदवून घेतले. ‘पावणेदोन’ म्हणजे दोन नव्हे, दोनला पाव कमी, हे तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाने पट्टी दुमडून दाखविले.

येथे यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यास नीट सांगितले असते, तर त्याने पिझ्झ्याच्या जागी कापडही घातले असते. परंतु ‘नीट सांगणे’ म्हणजे काय? कोणते मूल कोठे अडते, हे आधी कोणास तरी ठाऊक असले पाहिजे. तयार कपडा हा कोणाच्याच अंगाचा नसतो. तो सरासरीच्या मापाचा असतो. तयार पाठही सरासरी मुलासाठी असतो आणि असे मूल कोणत्याही वर्गात बसत नाही. वर्गात बसते ते एकास ऐकू कमी येणारे, एक सकाळी वर्तमानपत्रे टाकून येणारे, एक घरी दुसरीच भाषा बोलणारे. त्यांचे माप वर्गात उभे राहूनच घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट ह्या तुलनेतून ध्यानात आली व ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पाठ चालू असताना एका मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला, “पाऊण मोठे की दोन तृतीयांश?” टाचणात ह्याचे उत्तर नव्हते. परंतु दोन तास त्या विषयाशी झगडलेल्या मनात ते तयार होते. तिने लगेच त्याच पट्टीच्या दोन घड्या करून उत्तर मुलांकडूनच काढून घेतले. टाचण वहीत असते. परंतु ते करताना मनात जे साठते, त्याच्या जोरावर शिक्षक वर्गात उभा राहतो. अनुभवी शिक्षकाने यंत्राकडून टाचण घेतले, तर त्याच्याजवळ ते पारखण्याची दृष्टी आधीच तयार असते. नवशिक्याने पहिल्याच दिवसापासून ते घेतले, तर ती दृष्टी येणार कोठून? ज्याने कधी बेतलेच नाही, त्यास दुसऱ्याने बेतलेल्या कपड्यातील खोट कशी दिसावी? नव्या यंत्राचा धोका आम्हा छात्राध्यापकांस आहे तो असा. यंत्र आमची नोकरी घेईल हा धोका पुढचा. त्याआधी, आम्ही शिक्षक होण्यापूर्वीच ते आमची शिकाऊ वर्षे घेईल, हा धोका आजचा आहे.

ह्या ठिकाणी आपल्या परंपरेतील एका कथेचे स्मरण होते. संतशिरोमणी नामदेव महाराजांचे पांडुरंगाशी प्रत्यक्ष बोलणे होते, अशी आपली श्रद्धा आहे. असे असूनही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने सर्वांची मडकी पारखली, तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे ठरले, कारण त्यांनी गुरू केला नव्हता. मग ते विसोबा खेचरांस शरण गेले. ज्यांस मागितले ते उत्तर थेट मिळत होते, त्यांसही गुरूची आवश्यकता परंपरेने सांगितली. केवळ उत्तर मिळाल्याने माणूस पक्का होत नाही, तर कोणी तरी पारखावे लागते, तापवावे लागते, हा ह्या कथेचा शिक्षणशास्त्रीय अर्थ आम्हांस वाटतो.

आता व्यापक प्रश्नाकडे येतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगास जे निवेदन दिले, ते प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावे असे आहे. प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावे, ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावे, मुलांच्या गरजा व इच्छा समजण्याइतके त्यांनी लोकांत मिसळावे, नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांस लाज वाटू नये आणि त्यांस पगार नीट मिळावा, अशा आशयाच्या मागण्या त्यात आहेत. म्हणजे श्रम करणाऱ्या समाजाच्या मुलांस त्यांचे माप ओळखणारा शिक्षक मिळावा, ही मागणी ह्याच पुण्यातून १४० वर्षांपूर्वी झाली. त्या मागणीमुळे आणि पुढील अनेकांच्या कष्टांमुळेच आमच्यासारखी शिंप्याच्या घरातील मुले आज अध्यापनाच्या वर्गात बसली आहेत.

तेव्हा आमची खरी चिंता ही की, हा मिळालेला शिक्षक गरिबाच्या मुलाकडून परत काढून घेतला जाईल. श्रीमंताच्या मुलास शिक्षक आणि यंत्र दोन्ही मिळतील. गरिबाच्या मुलास सांगितले जाईल की, तुझ्यासाठी यंत्र पुरेसे आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. यंत्र आले म्हणून ते प्रमाण सैल करावे, असे उद्या कोणी म्हणू लागला, तर त्यास विरोध करण्यास आपण सर्वांनी सिद्ध असले पाहिजे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात एकच मोबाईल होता, तेथे कोणाचा अभ्यास मागे पडला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कित्येक घरांत तो भावाच्या हाती राहिला आणि बहिणीच्या हाती केरसुणी आली.

यंत्र येणार, हे निश्चित. सी. बी. एस. ई. मंडळाने २०१९ पासून नववीस कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ऐच्छिक ठेवला आणि २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात हा विषय आणण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत वर्गात ह्या साधनांच्या वापरास १३ वर्षे ही किमान वयोमर्यादा सुचविली आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला आहे. अशा वेळी दार लावून बसणे शहाणपणाचे नाही आणि दार सताड उघडे टाकणेही नाही. म्हणून आम्ही आपसांत काही नियम घालून घेतले आहेत, ते आपणांपुढे ठेवतो.

पहिला नियम, टाचण प्रथम हाताने करावे. नंतर यंत्रास दाखवून त्यातील उणिवा विचाराव्या. शिक्षक आधी आणि यंत्र मागून, हा क्रम उलटू द्यावयाचा नाही. दुसरा, यंत्राने सांगितलेला सन, नाव, अवतरण वा गणित पाठ्यपुस्तकाशी किंवा मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याखेरीज फळ्यावर लिहावयाचे नाही. तिसरा, कोणत्याही मुलाचे नाव, गुण, छायाचित्र किंवा घरची हकीकत यंत्रास सांगावयाची नाही. २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. चौथा, ज्या कामात यंत्र खरोखर उपयुक्त आहे तेथे ते संकोच न बाळगता वापरावे. मागे पडलेल्या मुलासाठी एकाच प्रकारची वीस सोपी उदाहरणे काढणे, दृष्टिहीन मुलासाठी मजकूर वाचून दाखविणे, दुसऱ्या भाषेतील पालकासाठी सूचनेचे भाषांतर करणे, ही कामे ते चांगली करते व शिक्षकाचा वेळ वाचविते. भाषांतर मात्र ती भाषा जाणणाऱ्याच्या नजरेखालून घालावे. पाचवा, यंत्राची मदत घेतली असेल तेथे ती घेतली असे प्राध्यापकांस स्पष्ट सांगावे.

आता पालकांस दोन आणि संस्थेस एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. पालकांस विनंती अशी की, मुलाने यंत्राकडून निबंध लिहून घेतला असे दिसल्यास त्यास मारू नये. वही मिटवून ‘आता तोंडाने सांग’ एवढेच म्हणावे. जे त्याने मनात आणले असेल ते तो सांगू शकेल. जे नुसते उतरविले असेल ते सांगू शकणार नाही. ह्या परीक्षेस पालक स्वतः शिकलेला असण्याची गरज नाही. निरक्षर आजीलाही ती घेता येते. दुसरी विनंती अशी की, घरात एकच मोबाईल असल्यास मुलीच्या अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी आणि ती पाळली जाते की नाही, हे वडिलांनी जातीने पाहावे.

संस्थेस विनंती अशी की, साहाय्य निधीतून विद्यार्थ्यांस यंत्रे वाटण्याचा विचार पुढे आला, तर त्याआधी संध्याकाळच्या अभ्यासिकेचा विचार व्हावा. एक स्वच्छ खोली, चार कपाटे पुस्तके, एक-दोन संगणक आणि तेथे बसणारे एक जाणते माणूस, एवढ्यावर पुष्कळ काही होईल. ते माणूस पुरविण्याची जबाबदारी आम्ही घेतो. खडकी, बोपोडी, दापोडी परिसरात राहणारे आम्ही छात्राध्यापक आळीपाळीने आठवड्यातून दोन संध्याकाळ तेथे बसू. ज्ञातीने आम्हांस जे दिले, त्याची अंशतः फेड ह्या रूपाने व्हावी, अशी आमची इच्छा आहे. ही अभ्यासिका केवळ ज्ञातीतील मुलांसाठी न ठेवता वस्तीतील सर्व मुलांस खुली असावी, असेही आमचे नम्र मत आहे. बाकावर जी मुले एकत्र बसतात, त्यांस संध्याकाळी वेगळे काढणे योग्य होणार नाही.

“मग मास्तर कशाला लागणार?” ह्या प्रश्नास आमचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. जो मास्तर पुस्तकातील मजकूर केवळ वाचून दाखवितो, त्याची जागा यंत्र घेईल आणि त्याबद्दल फारसे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु समोरचे मूल आज का गप्प आहे हे जो ओळखतो, कोणत्या प्रश्नाने ते बोलते होईल हे ज्यास ठाऊक आहे आणि ते चुकले तर कोठून उसवून कोठून पुन्हा शिवावयाचे हे ज्यास समजते, तो मास्तर लागेलच. तसे होण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत. आपण आम्हांस शिकविण्यासाठी जे कष्ट घेतलेत ते वाया गेले नाहीत, असे उद्या आपणांस वाटावे, हीच आमची आकांक्षा आहे.

अभ्यासिकेविषयीचा आमचा प्रस्ताव कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ सादर करून आम्ही हे भाषण पुरे करतो.